आधी ऐकणाऱ्याची शाल

तुरीच्या शेंगा आल्या. गल्लीच्या तोंडाशी बसणारी भाजीवाली मला विचारत नाही, माझ्या हातातली पिशवी ओढून घेते आणि भरायला लागते. मी म्हणते, "अवं बाई, एकटीले इतक्या काय करायच्या?" ती मान वर न करता म्हणते, "एकटी असली म्हणून काय झालं? शेंगा काय दोघाईनंच खा लागतात का?" हिच्याशी बोलून कधी कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. मी मुकाट्यानं पिशवी उचलते आणि घरी येते.

मग मिठाचं पाणी, त्यात शेंगा, वर झाकण. थोड्या वेळानं तो वास येतो. हिरवट, ओला, किंचित तुरट. सगळं घर त्या वासानं भरतं, आणि घर म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि एक गॅलरी. हा वास मला फार आवडतो आणि दर वर्षी तो पहिल्यांदा आला की माझं मन उदास होतं. बाहेरगावचा कुणीही भेटला की विचारतो, "अकोल्यात उन्हाळा कसा हो काढता?" हिवाळा कसा काढता, हे मला आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही. उन्हाळा सगळ्या गावाला मिळून भाजतो. थंडी ज्याची त्याला काढावी लागते. या दिवसांत संध्याकाळ लवकर होते, कापसाचे ट्रक जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरं अडकलेलं असतं, मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून घरी येते, कुलूप काढते, दिवा लावते आणि कुणाशी तरी बोलावं म्हणून रेडिओ लावते.

याच दिवसांत अमरावतीच्या एका कॉलेजात तो पुरस्कार असतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. कथा-कादंबरी लिहिणाऱ्या मधल्या लेखकांसाठी तो आहे. मधला म्हणजे जो आता नवा नाही आणि अजून ज्येष्ठही झालेला नाही. नवं असताना लोक पाठ थोपटतात, 'होतकरू' म्हणतात. म्हातारं झालं की खुर्ची देतात, हार घालतात, घसा बसेपर्यंत बोलू देतात. मधल्या वीसेक वर्षांत काही नसतं. त्या वर्षांत फक्त कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या रांगेत, हातात ताट घेतलेला एखादा ओळखीचा माणूस विचारतो, "काय मॅडम, लिखाण वगैरे सुरू आहे का?" आणि उत्तर ऐकायच्या आत मठ्ठ्याकडे वळतो. मला या मधल्या वर्षांचा फार राग आहे. मी अजून त्यांतच आहे.

त्या पुरस्काराची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिथे शाली दोन असतात. एक लिहिणाऱ्याला आणि दुसरी ज्यानं ते सगळ्यांत आधी ऐकलं त्याला. पुरस्कार सुरू करणारे जुने प्राचार्य म्हणायचे म्हणे, की मधल्या वयात माणसाचं लिहिणं थांबतं ते बहुतेक ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून थांबतं. म्हणून मंचावर दोन खुर्च्या शेजारी शेजारी. आणि आधी ऐकणाऱ्यानं पुस्तकातलं एक पान सगळ्यांना वाचून दाखवायचं. कुणाची बायको येते, कुणाचा शाळेतला दोस्त. एका लेखकाच्या सासूबाई आल्या होत्या आणि वाचता वाचता मधेच थांबून त्यांनी जावयाला, "हे मी तवाच काढ म्हटलं होतं," असं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. अमरावतीत अजून हा किस्सा सांगतात.

मला तो मिळाला त्या वर्षी शेंगांचा पहिलाच कुकर गॅसवर होता आणि कॉलेजातून इंगोले सरांचा फोन आला. पुरस्काराचं सगळं तेच बघतात. गोड माणूस, घाईचा.

"मॅडम, अभिनंदन! यंदा तुमचीच कादंबरी. अन् काळजी करू नका, सुधाकरभाऊंनाही कळवून टाकलं. ते हो म्हणाले."

"कोणते सुधाकरभाऊ?"

"असं काय करता मॅडम! तुमचे."

माझ्या पहिल्या तिन्ही पुस्तकांच्या सुरुवातीला एकच ओळ आहे, 'सुधाकरला, ज्यानं आधी ऐकलं.' चौथ्यात ती ओळ नाही. समितीनं चारही पुस्तकं समोर ठेवून बघितली आणि चौथ्यात ती छापायची राहून गेली असं ठरवलं. प्रकाशकांचा गलथानपणा, इंगोले सर म्हणाले. त्यांनी सुधाकरचा नंबर कुणाकडून तरी मिळवला आणि प्रकाशकाची चूक परस्पर दुरुस्त केली. चांगल्या मनाची माणसं किती गोंधळ घालू शकतात!

"सर, आम्ही वेगळे झालो," मी म्हटलं. "त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं दुसरं लग्नही झालं."

पलीकडून, "अरे बाप्पा." मग एकदम आशेनं, "पण मॅडम, ते तर हो म्हणाले!"

मी तेव्हा नाही म्हणू शकले असते. दुसरं कुणाचं तरी नाव देऊ शकले असते. फोन कानाला धरून मी नाव शोधलं. भाऊ पुण्याला, त्यानं माझं एकही पुस्तक उघडलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या बायांना मी लिहिते हे माहीत आहे, काय लिहिते ते माहीत नाही. शोधता शोधता शेंगांचं पाणी आटलं, खाली लागलं, आणि मला कुणीही सापडलं नाही. "असू द्या सर," मी म्हटलं. "येऊ द्या त्यांना."

खरं सांगायचं तर मला तो यायला हवाच होता. त्याचं कारण प्रेम नव्हे. कारण एक पान होतं.

सुधाकर सिंचन खात्यात होता, अजून आहे. अमरावतीचं घरही अजून तेच. पेपरशिवाय त्यानं आयुष्यात काही वाचलं नाही. पण हिवाळ्यात, अमरावतीच्या त्या घरात, मागच्या अंगणातल्या उन्हात रविवारी तो पेपर पसरून त्यावर उकडलेल्या शेंगा घेऊन बसायचा आणि मी समोर बसून आठवडाभर लिहिलेलं वाचायचे. तो कौतुक करत नसे. 'वा' नाही, 'छान' नाही. शेंगा दातांनी ओढत ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "हे खोटं वाटते."

"कुठं?"

"मले काय माहीत कुठं? तू लिहून राहिली. मले खोटं वाटून राहिलं."

मी भडकायचे. तुला काय कळतं, कालव्याचे पाट मोजणारा माणूस तू, असलं काहीबाही बोलायचे. दोन दिवस धुमसायचे. आणि तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना नाही तर भाजी निवडताना ते खोटं मला दिसायचं, जिथे असायचं तिथे. मी त्याला सांगायचे नाही. गुपचूप दुरुस्त करायचे. पुढच्या रविवारी पुन्हा वाचायचे आणि तो काही न बोलता पुढची शेंग उचलायचा, तेव्हा मला जे वाटायचं ते मला नंतर कुठल्याही परीक्षणानं वाटलेलं नाही.

आमचं का मोडलं ते मी इथे लिहिणार नाही. सांगण्यासारखं त्यात आता फार उरलेलं नाही, आणि जे उरलंय ते लोकांच्या कामाचं नाही. असाच एक हिवाळा होता. मी दोन बॅगा घेऊन अकोल्याला आले आणि इथेच राहिले.

चौथी कादंबरी या घरात लिहिली. सवय जात नाही, म्हणून मोठ्यानं वाचायची. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, भांड्यांच्या मांडणीला. एकदा शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवलं. "रोज संध्याकाळी कोणाशी बोलता वो तुमी इतकं?" मी म्हटलं, "बहिणीशी." मला बहीण नाही. काकू खूश झाल्या, म्हणाल्या, "बरं आहे बाप्पा, आजकाल कोण कोणाशी इतकं बोलते!" मी घरात आले, दार लावलं आणि त्या संध्याकाळी काही वाचलं नाही.

त्या कादंबरीत एक बाई घर सोडून जाते. ते एक पान आहे, दीड म्हणा. ती सकाळी उठते, नवऱ्याचा डबा भरते, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करते, मागचं दार हळूच लोटून घेते आणि निघते. ते पान सगळ्यांना आवडलं. परीक्षणांत तेच आलं. 'संयत' असा शब्द तीन जणांनी वापरला. एका बाईंनी फोन करून सांगितलं की त्या रडल्या. आणि मला मात्र त्या पानात काहीतरी खुपत होतं. लिहिताना खुपत होतं, मुद्रितं तपासताना खुपत होतं, पुस्तक हातात आल्यावर मी ते पान उघडायचंच टाळलं. कुठे चुकलंय ते सापडत नव्हतं. ज्याला म्हणून विचारलं तो म्हणाला, "छान आहे हो." छान! चांगलं जेवण झाल्यावर म्हणतात तसं. सगळ्या जगात मला एकच माणूस माहीत होता, जो ते पान ऐकून शेंग तोंडात असताना सांगेल, की हे खोटं वाटते. म्हणून मी 'येऊ द्या त्यांना' म्हटलं.

समारंभाच्या आधी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी माधुरी. सुधाकररावांची..." तिनं तिथेच सोडून दिलं.

"हं. बोल."

"शाल कोणत्या रंगाची राहते हो? म्हणजे ह्यांना शर्ट कोणता घालू द्यावा? फोटो-गिटो निघतील म्हणून विचारून राहिली. मी तर येऊ शकत नाही, आमच्या शाळेचं गॅदरिंग त्याच दिवशी आहे." ती शाळेत भूगोल शिकवते, हे मला तेव्हाच कळलं.

"पांढरा दे," मी म्हटलं.

"पांढरा लगेच मळते ना त्यांचा. कॉलरीपाशी."

"तेव्हाही मळायचा."

ती हसली, मीही हसले. "बरं ताई, ठेवते," ती म्हणाली, आणि मी फोन ठेवून विनाकारण ओटा पुसला. पुसलेलाच होता.

समारंभाच्या सकाळची एसटी मला अजून दिसते. खिडकीची काच वर जात नव्हती आणि गार वारा थेट कानात. दोन्हीकडे काळी रानं, कुठे हरभरा, कुठे शेंगांनी वाकलेली तूर, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. शेजारी परतवाड्याला जाणाऱ्या एक बाई होत्या, मांडीवर शेंगांचीच पिशवी. मूर्तिजापूरला चहा घेताना त्यांनी विचारलं, "लग्नाले चालल्या का?" मी नवी साडी नेसले होते. "हो," म्हटलं. "कोणाकडून?" आता काय सांगायचं? "नवरदेवाकडून," म्हणाले, आणि उरलेल्या रस्त्यात मला माझंच हसू येत राहिलं. बडनेऱ्याच्या पुढे मात्र हसू गेलं.

सुधाकर कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. पांढरा शर्ट. केस पार पांढरे. इतकी वर्षं तो माझ्या डोक्यात म्हातारा झालाच नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

"आली?"

"आले."

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे."

एवढंच बोलणं झालं आणि इंगोले सर धावत आले.

सभागृह पोरापोरींनी भरलेलं. खुर्च्या कमी, पोट्टे खिडक्यांत बसलेले. मंचावर आमच्या दोन खुर्च्या इतक्या जवळ ठेवल्या होत्या की माझा पदर त्याच्या खुर्चीच्या हातावर पडत होता आणि मी तो सारखा ओढून घेत होते. नव्या प्राचार्यांना आमची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी भाषणात "हे आदर्श दांपत्य" असं म्हटलं. इंगोले सरांनी डोळे मिटून घेतले. मी टेबलावरच्या फुलांकडे बघत राहिले. शेजारी सुधाकर खाकरला. मला वाटलं आता हा हसणार, आणि हसला तर मीही हसणार, आणि मग काय होईल ते होवो. पण तो हसला नाही.

मला शाल घातली. मग त्याला घातली. आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन पान वाचायला सांगितलं. समितीनं खूण घालून ठेवली होती. कुठलं पान असेल ते मला न बघताच कळलं.

तो माइकपाशी गेला. पुस्तक उघडलं, मिटलं. खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली, टेबलावर ठेवली. "ही कादंबरी मी ऐकली नाही," तो म्हणाला. "आधीच्या तीन ऐकल्या. ह्या शालीवर माझा हक्क नाही. मले वाटलं होतं फोनवर नाही म्हणावं. पण त्यांचा कार्यक्रम खराब व्हायला नको म्हणून आलो."

सभागृहात चुळबूळ. प्राचार्य इंगोले सरांकडे, इंगोले सर माझ्याकडे. आणि घाईच्या माणसाकडून होतं तसंच झालं, त्यांनी माइकवरच विचारलं, "मग मॅडम, ही आधी कोणी ऐकली?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

माझ्यापुढे माइक नव्हता, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मला लाज वाटली. लग्न मोडल्याची कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. आपल्याला माणूस नाही हे घरात कळणं वेगळं आणि असं भर सभेत तोंडानं सांगणं वेगळं.

सुधाकर वळला. पुस्तक माझ्यापुढे धरलं. "मग आता ऐकतो," तो म्हणाला. "वाच."

आणि खुर्चीत जाऊन बसला.

मी वाचलं. गॅस, डबा, दार. सगळं पान मी त्या सभागृहाला वाचलं नाही, शेजारच्या एका खुर्चीला वाचलं. प्रत्येक ओळीनंतर वाट पाहिली. आता म्हणेल. आता म्हणेल. इथे नाही तर पुढच्या ओळीला. शेवटची ओळ आली, संपली. टाळ्या पडल्या, खिडकीतल्या पोट्ट्यांनी शिट्ट्याही वाजवल्या. मी शेजारी पाहिलं. सुधाकरही टाळ्या वाजवत होता. सगळ्यांसारख्या, दोन्ही हातांनी, समोर बघत. त्यानं माझ्यासाठी टाळी वाजवलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं आनंदानं.

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. अकोल्याची गाडी लागायची होती. मी सरळच विचारलं. "सुधाकर, त्या पानात कुठं खोटं वाटलं तुले?"

तो गाड्यांच्या पाट्या वाचत होता. "नाही. छान होतं."

"नीट सांग."

"छान होतं गं. सगळंच छान होतं."

गाडी आली. मी खिडकीत बसले, त्यानं हात केला, मीही केला. मी त्याच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. पण परका माणूस जे बोलतो तेच तो बोलला होता, आणि परक्या माणसावर कसं चिडायचं? मूर्तिजापूर आलं, गेलं, मी चहालाही उतरले नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला फारसं आठवत नाही. शाल कपाटात ठेवली. प्रयोगशाळेत पेढे वाटले. संध्याकाळी मोठ्यानं वाचणं बंद झालं. वाचायला काही नव्हतंच, कारण लिहिणंही बंद झालं होतं. काकूंनी जिन्यात विचारलं, "बहिणीशी भांडण झालं का वो?" मी हो म्हटलं. मनात पक्कं करून टाकलं होतं, की झालं एवढं लिहिणं पुरे. चार पुस्तकं म्हणजे कमी नाहीत. लोक एकही लिहीत नाहीत आणि सुखानं जगतात.

मग एका रविवारी, दुपारचं ऊन गॅलरीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं असताना, फोन वाजला.

"ताई, माधुरी बोलून राहिली."

"बोल."

"तुमचं पुस्तक वाचलं. कॉलेजवाल्यांनी ह्यांना दिलं होतं ना, ते."

"बरं," मी म्हटलं, आणि तो 'छान' येईल म्हणून वाट पाहिली.

"रागावणार नसाल तर एक सांगू का? ती बाई घर सोडून जाते ना, ते पान. बाकी सगळं पुस्तक मी दोनदा वाचलं, पण ते पान मले खोटं वाटलं."

मी उभीच होते. "कुठं?"

"दारापाशी. इतकी दुखावलेली बाई, अन् दूध उतू जाईल म्हणून गॅस बारीक करते? दार हळूच लोटून घेते? कोणासाठी, बाप्पा? मी असती तर दार आपटूनच..." ती थांबली. मग आवाज खाली आणून, जवळ कुणी नाही ना हे बघितल्यासारखं, म्हणाली, "आमच्या मागच्या दाराची कडी अजून वाकडी आहे, ताई. लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली. नवी बसवते म्हटलं तर हे बसवू देत नाहीत."

मी तिथेच, उंबऱ्यावर, उन्हात बसले. फोन ठेवावा असं तिलाही वाटलं नाही, मलाही नाही.

"माधुरी," मी म्हटलं, "सांग. अजून कुठं कुठं?"